मंत्रातील साहू, बोलीतील साव

णमोकार मंत्रातील ‘साहू’ हा शब्द आपण आजही जसाच्या तसा उच्चारतो. बोलीत मात्र त्याचा ‘साव’ झाला. ‘सावकार’ही त्याच कुळातला. मंत्र शिकवताना वडीलधारे चूक सुधारतात. बोली प्रत्येक बालक ऐकून नव्याने घडवते. म्हणूनच प्राकृत ‘हत्था’चा हात झाला, वर्धा परिसरात ‘डोळ्या’चा ‘डोया’ झाला. उद्योतनसूरींनी इ.स. ७७९ मध्ये पूर्ण केलेल्या ‘कुवलयमाला’ या प्राकृत ग्रंथात मराठी बोलीची स्वतंत्र नोंद आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी व प्राकृत या दोहोंच्या अभिजात दर्जास मान्यता दिली. पाठांतराने प्राकृत सूत्रे टिकली, परंतु ती घरची बोली उरली नाही. मराठीचे तसे होऊ नये, यास्तव नातवंडांशी मराठीतच बोलावे, ही नम्र विनंती.