लॅबमध्ये चाललेला प्रोग्रॅम घरी का अडतो? टर्बो सी++ च्या एररमागचं कारण

नांदेड, लातूरकडे बीसीए किंवा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला गेलेल्या अनेकांची कोडिंगशी पहिली ओळख एका निळ्या स्क्रीनवर झालेली असते. ती स्क्रीन म्हणजे टर्बो सी++. लॅबमध्ये प्रोग्रॅम व्यवस्थित चालतो. घरी लॅपटॉपवर जीसीसी या कंपायलरला तोच कोड दिला, की पहिल्याच ओळीवर एरर येते आणि विद्यार्थी समजतो, आपलंच काहीतरी चुकलं.

बहुतेक वेळा चूक त्याची नसते. टर्बो सी++ ची लॅबमध्ये दिसणारी ३.० ही आवृत्ती बोरलँड कंपनीने १९९१ मध्ये आणली. सी++ भाषेचं पहिलं अधिकृत स्टँडर्ड आलं १९९८ मध्ये. म्हणजे नियम ठरण्याच्या सात वर्षं आधीचा हा कंपायलर आहे. सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये तो आता वापरात नाही, पण वर्गात अजून टिकून आहे.

जुना कोड नव्या कंपायलरवर

'आयओस्ट्रीम डॉट एच' ही फाइल सापडत नाही, ही सर्वात नेहमीची तक्रार. उपाय सोपा आहे: 'डॉट एच' काढायचं आणि खाली 'युझिंग नेमस्पेस एसटीडी' ही ओळ टाकायची. 'व्हॉइड मेन'च्या जागी 'इंट मेन' लिहायचं. 'कोनिओ डॉट एच', 'सीएलआरएससीआर' आणि 'गेटसीएच' ही डॉसच्या काळातली मंडळी, ती सरळ काढून टाकायची. एररची यादी वीस ओळींची असली तरी घाबरायचं कारण नाही. पहिली एरर दुरुस्त करून पुन्हा कंपाइल केलं, की खालच्या बऱ्याच आपोआप जातात.

टर्बोच चालत नसेल तर

टर्बो हा १६ बिटचा प्रोग्रॅम आहे आणि ६४ बिटचं विंडोज असे प्रोग्रॅम चालवतच नाही. म्हणून तो डॉसबॉक्समध्ये उघडावा लागतो. तिथे 'अनेबल टू ओपन इन्क्लूड फाइल' असं आलं, तर कोड तपासण्यात वेळ घालवू नये. फोल्डर दुसऱ्या जागी कॉपी केल्यामुळे पत्ता बदललेला असतो. ऑप्शन्समधल्या डायरेक्टरीजमध्ये इन्क्लूड आणि लिब या दोन्ही फोल्डरचे पत्ते नीट भरावेत. लिबचा पत्ता चुकला तर कोड कंपाइल होतो आणि लिंकरपाशी अडतो.

ग्राफिक्सच्या प्रॅक्टिकलला 'अनडिफाइन्ड सिम्बॉल' येतं, तेही लिंकरकडूनच. ऑप्शन्स, लिंकर, लायब्ररीज असं जाऊन ग्राफिक्स लायब्ररीवर खूण करायची. फाइलचं नाव मात्र आठ अक्षरांच्या आत ठेवलेलं बरं, डॉसला त्याहून लांब नाव झेपत नाही.

एररच नाही, पण उत्तर चुकीचं

खरी पंचाईत इथे होते. समजा, लातूरच्या बाजार समितीत १० क्विंटल सोयाबीन ४,००० रुपये भावाने विकलं. प्रोग्रॅममध्ये सगळे आकडे 'इंट' आहेत. जीसीसी उत्तर देतो ४०,०००. टर्बो म्हणतो उणे २५,५३६! शेतकऱ्यालाच पैसे द्यावे लागतील असा हिशोब.

टर्बोमध्ये 'इंट'ला दोनच बाइट मिळतात आणि त्यात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. त्यापुढे गेलं की आकडा उलटून उणे बाजूला जातो, आणि कंपायलर चकार शब्द काढत नाही. आजच्या नेहमीच्या लॅपटॉपवर जीसीसी 'इंट'ला चार बाइट देतो, म्हणून तिथे ही चूक दिसत नाही.

यावर उपाय 'लाँग'. पण फक्त एकूण रकमेचं व्हेरिएबल 'लाँग' करून भागत नाही, कारण गुणाकार त्याआधीच 'इंट'मध्ये होऊन बिघडलेला असतो. भाव किंवा क्विंटल, यांपैकी एक तरी 'लाँग' लागतो.