परमिट एकाचं, रिक्षा दुसऱ्याची

मुंबईत रिक्षा पश्चिमेला वांद्र्यापर्यंत चालते आणि पूर्वेला शीवपर्यंत; पुढे टॅक्सीचं राज्य. त्यामुळे रिक्षाचा इतिहास म्हणजे एका अर्थी उपनगरांचाच इतिहास.

पुण्याच्या नवलमल फिरोदियांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस माणसाने ओढायच्या रिक्षेला मोटारीचा पर्याय आणला. १९५९मध्ये बजाजला तीनचाकी बनवण्याचा परवाना मिळाला. पण गाडी असून भागत नाही, गिऱ्हाईक लागतं. ते वस्त्या स्टेशनपासून लांब सरकत गेल्या तसं वाढलं. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जातून चारकोप, गोराईला भूखंड वाटले गेले. तिथून रोज कांदिवली-बोरिवली स्टेशन पायी गाठणार कोण?

चालवणारेही त्याच सुमारास मिळाले. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला. संपात उतरलेल्या सुमारे अडीच लाखांपैकी अनेकांची नोकरी कायमची गेली. पुढे मुलुंड-भांडुपच्या पट्ट्यातलेही कारखाने एकेक करून बंद पडले. हातात लायसन्स आणि बॅज असला, की दुसऱ्याची रिक्षा शिफ्टवर घेता येई. मालकाला रोजचं भाडं आणि इंधनाचा खर्च चुकता केला की उरेल ते आपलं. भविष्यनिर्वाह निधी नाही, रजा नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७२च्या केनियावरील अहवालात अशा कामांना 'अनौपचारिक क्षेत्र' म्हणून जगापुढे आणलं होतं; अंधेरीच्या स्टँडवर त्याला नुसतं 'धंदा' म्हणत.

मग १९९७मध्ये नवी परमिटं देणं थांबलं. हेतू गर्दी रोखण्याचा होता, पण रस्त्यावरची गरज थोडीच थांबणार? परमिट ही इस्टेट झाली. कागद एकाच्या नावावर, गाडी दुसऱ्याची, चालक तिसराच; आणि सर्वांत कमी वाटा बहुधा त्या तिसऱ्याचा. सरकारने रोजगार घटवला नाही, त्यावर एक भाडेकरी व्यवस्था बसवली, असंच म्हणावं लागेल.

वाद मात्र भाषेवरून पेटला. परमिटसाठी मराठी येणं सक्तीचं करण्याची घोषणा २०१५मध्ये परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी केली. मार्च २०१७मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याबाबतचं परिपत्रक रद्द केलं. त्याच वर्षी जूनमध्ये परमिटवरची मर्यादाही उठली. तोवर, २०१४पासून, वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो धावू लागली होती आणि तिच्या स्थानकांखाली शेअर रिक्षांच्या नव्या रांगा लागल्या होत्या.

परमिट खुलं झाल्यावर रिक्षा इतक्या वाढल्या, की काही वर्षांतच चालकांच्या संघटना सरकारकडे मागणी करू लागल्या: आता नवी परमिटं बंद करा.