ठासणीचं रिव्हॉल्व्हर जाम का होतं? आणि ते मोकळं कसं ठेवतात?

कोकणात ‘ठासणीची बंदूक’ हा शब्द अजून ऐकू येतो: आधी दारू, वर गोळी, मग सळईने ठासायचं. याच पद्धतीची रिव्हॉल्व्हर्स अमेरिकेत सॅम्युअल कोल्टच्या १८३६ च्या पेटंटनंतर आली आणि तिथल्या यादवी युद्धात (१८६१-६५) सर्रास वापरली गेली. फरक एवढाच की यात दारू नळीच्या तोंडातून न भरता सिलिंडरच्या प्रत्येक घरात पुढून भरतात, आणि मागच्या निपलवर तांब्याची छोटी कॅप बसवतात. इटलीच्या उबर्टी आणि पिएट्टा या कंपन्या आजही त्यांच्या प्रतिकृती बनवतात. (भारतात ठासणीच्या हत्यारालाही परवाना लागतो, हे आधीच सांगून ठेवतो.)

ही रिव्हॉल्व्हर्स वापरणाऱ्यांची कायमची तक्रार एकच. पहिल्या सहा गोळ्या मजेत सुटतात, पुढच्या फेरीत घोडा ओढायला जड जातो, आणि मग सिलिंडर फिरायचंच थांबतं.

याचं मूळ काळ्या दारूत आहे. सोरा साधारण ७५ टक्के, कोळसा १५, गंधक १०. ही दारू जळल्यावर पूर्ण वायू होत नाही. वजनाने निम्म्याहून जास्त भाग घनरूपात उरतो. पॉइंट ३६ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये एका बाराला २० ग्रेन, म्हणजे सुमारे १.३ ग्रॅम दारू धरली, तर सहा बारांत चार ग्रॅमहून जास्त राख तयार होते. बरीचशी धुराबरोबर उडते, बाकीची हत्यारावर बसते. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार ओळखीचा आहे: लॉग फाइल्स साचत जातात, सिस्टिम आधी हळू होते आणि मग अडकते.

या राखेत मुख्यतः पोटॅशियमचे क्षार असतात: कार्बोनेट, सल्फेट, सल्फाइड. त्यामुळे दोन गोष्टी होतात. कोरड्या हवेत राख कडक कवचासारखी होते, आणि दमट हवेत ती पाणी ओढून लोखंड गंजवते. पण क्षार असल्यामुळेच ती साध्या पाण्यात विरघळते. पुढचे सगळे उपाय यातूनच निघतात.

बहुतेक नवखे नळी साफ करत बसतात. माझ्या मते आधी बघायचा तो सिलिंडरच्या मधला दांडा, म्हणजे आर्बर. सिलिंडर आणि नळी यांच्यातल्या फटीतून प्रत्येक बाराला गरम वायू आणि राख बाहेर फेकली जाते, आणि दांड्याचं पुढचं टोक नेमकं तिथेच असतं.

इथे दोन जुन्या डिझाइनची तुलना करण्यासारखी आहे. कोल्ट १८५१ नेव्हीचा दांडा जाड असतो आणि त्यावर मळसूत्री खाचा असतात. त्यांत ग्रीस टिकतं आणि राखेलाही जागा मिळते. रेमिंग्टन न्यू मॉडेल आर्मीचा दांडा बारीक आणि गुळगुळीत, म्हणून ते लवकर आवळतं. पण रेमिंग्टनचा दांडा पुढे ओढला की सिलिंडर हातात येतं. पुसा, ग्रीस लावा, परत बसवा. कोल्टमध्ये त्यासाठी पाचर काढून नळी उतरवावी लागते. शिवाय काही प्रतिकृतींमध्ये दांडा नळीखालच्या भोकाच्या तळाला टेकत नाही. तिथे पाचर जास्त ठोकली की फट मिटते आणि राख नसतानाही सिलिंडर घासतं. तेव्हा सगळा दोष दारूला देऊ नका.

ग्रीस कोणतं? मधमाशीचं मेण आणि जनावराची चरबी यांचं मिश्रण हा जुना आणि अजूनही चांगला उपाय. ते राखेला मऊ ठेवतं. साधं इंजिन ऑइल किंवा पेट्रोलियम ग्रीस काळ्या दारूबरोबर डांबरासारखं चिकट होतं, असा बऱ्याच नेमबाजांचा अनुभव आहे. काही जण गोळीवर ग्रीस थापतात, पण शेजारच्या घराचा बार उडाला की ते उडतं आणि उन्हात वितळतं. त्यापेक्षा दारू आणि गोळी यांच्यामध्ये मेणाळलेल्या फेल्टची चकती ठेवणं मला पटतं. ती प्रत्येक बाराला नळीही पुसत जाते.

कधी दोषी राख नसून फुटलेली कॅप असते. तिचे तुकडे घोड्याच्या खाचेतून आत पडतात आणि यंत्रणा अडते. म्हणून जुने वापरकर्ते नळी वर करून घोडा ओढत, म्हणजे तुकडे मागे गळून पडत.

भरलेलं सिलिंडर अडकलं तर जोर लावू नका, ठोकाठोकी तर नाहीच. नळी सुरक्षित दिशेला ठेवून आधी न उडालेल्या कॅप्स निपलवरून काढा. मग सिलिंडरच्या पुढच्या बाजूला, दांड्यापाशी, थोडं पाणी किंवा तेल सोडून थांबा.

धुणं त्याच दिवशी. हत्यार रिकामं असल्याची खात्री करून लाकडी मूठ वेगळी करा. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि ब्रश पुरतो. अगदी उकळतं पाणी नको, त्याने लोखंडावर लगेच तांबूस गंज चढतो. निपल काढून धुवा, घरं आतून कोरडी करा, हलकं तेल फिरवा. निपल परत बसवताना आट्यांना थोडं ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या वेळी ते फिरवताना पाना घसरतो आणि निपलच्या कडा झिजतात.