घड्याळ, पाणी आणि गोळी

विषाणूविरोधी औषधांचा इतिहास आपण प्रयोगशाळेत सुरू करतो आणि बहुधा तिथेच संपवतो. असायक्लोव्हिरचेच पाहा. १९७०च्या दशकात बरोज वेलकम कंपनीत ते पुढे आले. त्या कामात अग्रभागी असलेल्या गर्ट्रूड एलियन १९८८मध्ये नोबेलच्या मानकरी ठरल्या. नागिणीच्या विषाणूचे स्वतःचे एन्झाइमच या औषधाला जागे करते, त्यामुळे निरोगी पेशी बऱ्याच अंशी वाचतात. इतक्या नेमक्या औषधाला राखण कशाला हवी, असे वाटावे. पण तेच शिरेतून घाईने सोडले तर मूत्रपिंडाच्या बारीक नलिकांत त्याचे स्फटिक साचतात. म्हणून ते तासभर सावकाश सोडायचे, रुग्णाच्या अंगात पाणी कमी पडू द्यायचे नाही, लघवी मोजून तक्त्यावर मांडायची. द्रावण तीव्र आम्लारिधर्मी. सुई शिरेबाहेर सरकली तर आसपासचे मांस भाजून निघते. औषध गुणकारी झाले प्रयोगशाळेत. ते निर्धोक झाले खाटेशी, आणि इतिहासाने ही दुसरी बाजू कमी लेखली आहे.

एड्सवरच्या पहिल्या औषधाने हे अधिक कठोरपणे शिकवले. १९६४मध्ये कर्करोगासाठी तयार झालेले आणि अडगळीत गेलेले झिडोव्हुडिन मार्च १९८७मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. चाचणीत ते घेणाऱ्या १४५ जणांपैकी एक दगावला, तर औषध नसलेली गोळी घेणाऱ्या १३७ जणांपैकी १९. चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. मात्र मात्रा दर चार तासांनी, म्हणजे मध्यरात्रीही गजर लावून घ्यायची. कित्येकांचे हिमोग्लोबिन इतके उतरे की रक्त चढवावे लागे. फिकट पडलेली नखे आणि जिना चढताना लागणारी धाप वेळीच टिपणे, हा उपचाराचाच भाग होता. पुढे मात्रा निम्म्यावर आली.

यावर रास्त आक्षेप असा, की गोळीच परवडत नसेल तर शुश्रूषा काय कामाची? श्रीमंत देशांत तीन औषधांच्या वर्षभराच्या उपचाराला दहा हजार डॉलरांहून अधिक पडत, तेव्हा २००१मध्ये सिप्लाच्या युसुफ हमीद यांनी तो ३५० डॉलरांत देऊ केला. १ एप्रिल २००४पासून भारत सरकारने महाराष्ट्रासह अधिक प्रादुर्भावाच्या सहा राज्यांत मोफत उपचार सुरू केले. किमतीची भिंत पडल्याशिवाय पुढचे काहीच शक्य नव्हते, हे मान्यच. पण मोफत गोळीही आपोआप लागू पडत नाही. तेव्हाच्या तीन औषधांतले नेव्हिरापिन पहिले चौदा दिवस दिवसातून एकदाच द्यावे लागे, मग दोनदा. त्या काळात अंगावर पुरळ उठले किंवा डोळे पिवळे झाले तर दुर्लक्ष जिवावर बेतू शके. आणि डोस वारंवार चुकले की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. म्हणून एड्सवरच्या औषधोपचाराच्या (एआरटी) केंद्रात उरलेल्या गोळ्या मोजल्या जातात.

आता दिवसाला एकच गोळी पुरते, मग देखरेख कशाला, असेही कोणी विचारील. त्या गोळीतले डोल्युटेग्राव्हिर उपाशीपोटी लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतले तर अंगी नीट लागत नाही, आणि गरोदर बाईला या दोन्ही गोळ्या नेमाने दिल्या जातात. कोणती गोळी कधी घेता, जेवणाआधी की जेवताना, हे तिला विचारणारी सिस्टर त्याच जुन्या घड्याळाला किल्ली देत असते.