तिसरा माणूस

वाचकहो, ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला, की सोमेश्वरनगरच्या रस्त्याला रात्र आणि दिवस सारखेच. नीरेकडून बारामतीकडे जाणाऱ्या या वाटेवर उसाच्या बैलगाड्या, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मालट्रक, एस. टी. आणि मोटारसायकली एकाच डांबरी पट्ट्यावरून चाललेल्या असतात. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने या भागात ऊस आला, उसामुळे सहकारी साखर कारखाना आला आणि कारखान्यामागून वाहने आली. वाहनांमागून अपघातही आले. त्यांतल्याच एका गोष्टीविषयी आज आपल्याशी बोलायचे आहे.

समजा, पहाटेच्या अंधारात उसाच्या बैलगाडीला मागून ट्रकने धडक दिली. गाडीवानाचा पाय मोडला, एक बैल जागीच गेला. माणसे जमतात. ट्रकवाला गयावया करतो. कुणी वडीलधारे म्हणतात, "झालं ते झालं. आता पोलीस नि कोर्ट कशाला? दवाखान्यापुरतं घ्या आणि मिटवा." थोडे पैसे हातावर पडतात, कागदावर अंगठा उठतो, ट्रक निघून जातो. महिन्या-दोन महिन्यांनी डॉक्टर सांगतात, की हा पाय आता पहिल्यासारखा चालायचा नाही. मग ट्रकचा नंबर कुणाला आठवत नाही.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी म्हण आपल्याकडे आहे. बांधाच्या भांडणापुरती ती खरी असेल. पण अपघाताच्या बाबतीत ही पायरी गरिबाला चढता यावी म्हणून कायदा शंभराहून अधिक वर्षे ती ठेंगणी करीत आला आहे. ती कशी ठेंगणी झाली, हे कळले म्हणजे मिटवामिटवीच्या कागदावर अंगठा उठवण्यापूर्वी माणूस क्षणभर थांबेल.

प्रथम एक शब्द समजून घेऊ. गाडीच्या विम्याला 'थर्ड पार्टी' विमा म्हणतात. हा तिसरा कोण? विम्याच्या करारात पहिला पक्ष गाडीचा मालक. दुसरा पक्ष विमा कंपनी. आणि तिसरा म्हणजे ज्याने तो करार कधी पाहिला नाही, ज्याची त्यावर सही नाही, असा रस्त्यावरचा परका माणूस. आपल्या उदाहरणातला गाडीवान तिसरा. शाळेत निघालेले पोर तिसरे. हप्ता मालक भरतो, पण सक्ती आहे ती या तिसऱ्याच्या रक्षणासाठी, हे नीट ध्यानात ठेवावे.

पूर्वी असे नव्हते. १८५५ साली आपल्याकडे प्राणघातक अपघातांचा कायदा झाला. दुसऱ्याच्या चुकीने माणूस मेला, तर त्याची बायको किंवा नवरा, आईबाप आणि मुले यांना भरपाईचा दावा लावता येऊ लागला. त्या वेळी इथल्या रस्त्यावर मोटार नव्हती. मोटारी आल्यानंतरही कित्येक वर्षे याच कायद्यावर भागवावे लागले. पण दिवाणी दावा म्हणजे दाव्याच्या रकमेवर कोर्ट फी, वकील आणि वर्षानुवर्षे तारखा. बरे, एवढे करून हुकूमनामा मिळाला, तरी मोटारवाल्याजवळ पैसाच नसला तर काय करायचे?

हा प्रश्न साऱ्या जगाला पडला होता. इंग्लंडने १९३० साली मोटारवाल्यांवर तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा केला. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या आठव्या प्रकरणात हीच सक्ती आली. पण गंमत अशी, की बाकीचा कायदा लागू झाला आणि नेमके हे प्रकरण मागे ठेवले गेले. ते अमलात आले १ जुलै १९४६ रोजी. म्हणजे तिसऱ्या माणसाला कागदावरून रस्त्यावर यायला सात वर्षे लागली.

तरीही दिवाणी कोर्टाची वाट उरलीच होती. आधी कोर्टाचा हुकूमनामा, मग कंपनीकडून पैसे. म्हणून १९५६ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि राज्यांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणे नेमण्याचा अधिकार मिळाला. बेताच्या ऐपतीच्या माणसालाही भरपाई मागता यावी, हा त्यामागचा हेतू होता. आपल्या भागासाठी आज हे काम बारामतीच्या न्यायालयात चालते.

या दुरुस्तीत एक अट होती. अर्ज साठ दिवसांत करावा. विचार करा, कर्ता माणूस गेला, घरात सुतक, दिवसकार्य, देणेकरी दारात. साठ दिवस केव्हा सरले ते कळतसुद्धा नाही. १९६९ साली मुदत सहा महिने झाली. १९९४ साली मुदतच काढून टाकली. आणि २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत पुन्हा आणली. ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. पूर्वीचा अनुभव असलेली जाणती माणसे "दावा कधीही लावता येतो" असे अजून सांगतात. त्यांच्या काळी ते खरे होते. आता मात्र त्या भरवशावर राहणे म्हणजे वरातीमागून घोडे.

मुदतीइतकाच मोठा प्रश्न चुकीचा. चालकाची चूक सिद्ध झाली तरच भरपाई, की अपघात झाला एवढे पुरे? मुंबई उच्च न्यायालयाने एका खटल्यात अपघात झाला एवढे पुरे, असे मत घेतले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये ते मानले नाही. चूक दाखवलीच पाहिजे, असे सांगितले. पण जो मेला तो साक्ष कशी देणार? शेवटी संसदेने १९८२ साली दुरुस्ती केली. चूक कुणाचीही असो, मृत्यू झाल्यास १५,००० रुपये आणि कायमचे अपंगत्व आल्यास ७,५०० रुपये द्यावेत, असे ठरले. धडक देऊन पळून गेलेल्या, न सापडलेल्या गाडीसाठीही निधी झाला. त्यातून मृत्यूस ५,००० आणि गंभीर दुखापतीस १,००० रुपये मिळू लागले. रकमा लहान होत्या, पण तत्त्व मोठे होते.

त्याच सुमारास दुसरा एक निकाल आला. गुजरातेत १९६६ साली ट्रक आणि मोटार यांची टक्कर झाली होती. त्या काळी कंपनीची जबाबदारी एका अपघातास वीस हजारांपर्यंत मर्यादित होती. मग एका धडकेत दोघांना इजा झाली, तर वीस हजार दोघांत वाटायचे काय? १९८१ मध्ये सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड, आपल्या पुण्याचेच, यांनी निकाल दिला, की अपघात कंपनीच्या बाजूने मोजायचा नाही, ज्याला इजा झाली त्याच्या बाजूने मोजायचा. जितकी माणसे तितके अपघात. पुढे १९८८ चा नवा मोटार वाहन कायदा आला, १ जुलै १९८९ पासून लागू झाला, आणि मृत्यू वा इजेच्या बाबतीत रकमेची ती जुनी मर्यादाही गेली.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे सगळे ठीकच झाले की. तसे नाही. आपल्या ऊस पट्ट्याला लागणारी एक फट अजून आहे.

हंगामात बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या इकडे येतात. फडाकडे जाताना, खोपीवर परतताना बायामाणसे पोराबाळांसकट ट्रॉलीत किंवा उसाच्या मोळ्यांवर बसतात. रस्त्याने पायी चाललेल्या मजुराला ट्रकने उडवले, तर तो तिसरा माणूस. पण तोच मजूर मालवाहू गाडीत बसलेला असताना ती उलटली, तर कंपनी म्हणते, की ही गाडी मालासाठी आहे, माणसांसाठी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या डिसेंबरात निर्णय दिला, की मालवाहू गाडीत फुकट बसवलेला उतारू सक्तीच्या विम्यात येत नाही. १९९४ च्या दुरुस्तीने गाडीतल्या मालाच्या मालकाला आणि त्याच्या अधिकृत प्रतिनिधीला विम्यात जागा दिली आहे. गाडीमालकाच्या नोकरासाठी कामगार भरपाईची वाट १९२३ पासून चालत आली आहे. पण टोळीतला मजूर नोकर कुणाचा? मुकादमाचा, ट्रॅक्टरवाल्याचा की आणखी कुणाचा? उचल घेऊन आलेल्या माणसाजवळ याचा लेखी पुरावा क्वचितच असतो. म्हणून ट्रॅक्टरमालकांना हात जोडून सांगणे आहे. ट्रॅक्टरचा विमा पाहिलात, तसा प्रत्येक ट्रॉलीचाही पाहा. आणि त्या ट्रॉलीत माणसे बसवू नका. उलटल्यावर कंपनी बाजूला झाली, तर भरपाईचा बोजा तुमच्या सातबाऱ्यापर्यंत येऊ शकतो.

चालकाच्या परवान्याचेही असेच आहे. परवान्यात दोष निघाला, तर २००४ च्या निकालानुसार न्यायाधिकरण कंपनीला पुष्कळदा सांगते, की आधी त्या तिसऱ्याला पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. तिसरा माणूस वाचतो, मालक सापडतो.

मग अपघात झाल्यावर करावे काय? आधी जखमीला दवाखान्यात न्यावे. २०२५ च्या योजनेप्रमाणे अपघातानंतर सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, नेमलेल्या रुग्णालयांत रोख न भरता उपचाराची तरतूद आहे. गाडीचा नंबर लिहून घ्यावा. ट्रॉलीचा नंबर वेगळा असतो, तोही घ्यावा. पोलिसांत फिर्याद द्यावी, पंचनामा करून घ्यावा. बैल मेला असेल, तर पंचनाम्यात त्याची नोंद आणि जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला हवा. औषधाची प्रत्येक पावती जपावी. २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत पहिला आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. तो गेला की नाही, हे जाऊन विचारण्यात संकोच नको.

दावा अपघाताच्या जागी, दावेदार राहतो तिथे किंवा प्रतिवादी राहतो तिथे लावता येतो. म्हणजे सोमेश्वरनगरला माणूस गमावलेल्या बाईने बारामतीला खेपा घालायलाच पाहिजेत असे नाही. ती आपल्या बीडच्या न्यायालयात अर्ज करू शकते. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे जावे. २०२२ पासून चूक न पाहता मिळणारी रक्कम मृत्यूस पाच लाख आणि गंभीर इजेस अडीच लाख झाली आहे. पळून गेलेल्या गाडीच्या बाबतीत मृत्यूस दोन लाख आणि गंभीर इजेस पन्नास हजार मिळतात. चूक दाखवून मागितलेली भरपाई माणसाचे वय, कमाई आणि त्याच्यावर अवलंबून असलेली तोंडे पाहून ठरते. ती याहून पुष्कळ मोठी असू शकते. कोणती वाट धरायची, ते वकिलाला विचारून ठरवावे.

ज्याच्या स्वतःच्या गाडीचे नुकसान झाले, त्याने कंपनीला ताबडतोब कळवावे आणि सर्वेअर पाहून जाईपर्यंत गाडी दुरुस्तीला खोलू नये. कंपनीने दाद दिली नाही, तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करून पोच ठेवावी. मग पुण्याला विमा लोकपालाचे कार्यालय आहे.

शेवटी गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. गावात कागद वाचून घ्यायला लोक अजून तुमच्याकडेच येतात. वरच्या वर्गातल्या मुलांना एक दिवस घरच्या मोटारसायकलचा विमा पाहून यायला सांगा. त्याची मुदत कोणत्या तारखेला संपते, एवढेच वहीत लिहून आणू द्या. पुष्कळ घरी ती तारीख उलटून गेलेली आढळेल. तिथे मुलाला सांगा, की हा कागद बाबांना दंड होऊ नये म्हणून नाही. आपल्या गाडीने उद्या चुकून कुणाचा पाय मोडला, तर त्याच्या घरची चूल पेटती राहावी म्हणून आहे. आणि रस्त्यावर चालताना तो कुणीतरी आपणही असतो.