कायदा कुणाच्या भाषेत? तिमोर-लेस्तेच्या संसदेची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा लोकलच्या गर्दीत इअरफोन सापडत नाहीत, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी इथे घातल्यात.

आज आधी एक प्रश्न. समजा एका देशातलं सरकार एका महिन्यात गाशा गुंडाळून निघून गेलं. त्याच्याबरोबर न्यायाधीश गेले, वकील गेले, कोर्टातले कारकून गेले. जाताना कचेऱ्या जाळल्या, त्यात जमिनीची दप्तरंही जळाली. आता दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी कुणाची म्हैस चोरली, तर त्या चोराला कोणत्या कायद्याखाली धरायचं?

परीक्षेतला काल्पनिक प्रश्न वाटतो ना? 1999 साली पूर्व तिमोरमध्ये हा प्रश्न अगदी खराखुरा उभा राहिला होता.

आधी नकाशा बघू

ऑस्ट्रेलियाच्या वर, इंडोनेशियाच्या बेटांच्या रांगेत तिमोर नावाचं बेट आहे. त्याचा पूर्वेकडचा अर्धा भाग म्हणजे आजचा तिमोर-लेस्ते. क्षेत्रफळ आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षा किंचित कमी, लोकसंख्या साधारण 13 लाख. राजधानीचं नाव दिली. दिल्ली नव्हे, दिली.

इथे पोर्तुगीज आले ते चंदनासाठी, सोळाव्या शतकात. आणि इथे आपला एक धागा जुळतो. 1844 पर्यंत तिमोरचा कारभार गोव्यातल्या पोर्तुगीज सत्तेच्या हाताखाली होता. म्हणजे मांडवीकाठच्या कचेरीतून सुटलेला हुकूम जहाजाने महिनोन् महिने प्रवास करत तिमोरला पोचायचा. दुसऱ्याने, दुसरीकडे बसून, दुसऱ्या भाषेत लिहिलेला कायदा! तिमोरला याची सवय फार जुनी आहे.

1975 मध्ये पोर्तुगालचा पाय निघाला. 28 नोव्हेंबरला फ्रेतिलिन या पक्षाने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि 7 डिसेंबरला, म्हणजे दहाव्या दिवशी, इंडोनेशियाचं सैन्य उतरलं. पुढची 24 वर्षं इंडोनेशियाची राजवट. शाळेत पोर्तुगीज बंद, बहासा इंदोनेशिया सुरू. कायदाही इंडोनेशियाचा.

30 ऑगस्ट 1999 ला संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली सार्वमत झालं. 78.5 टक्के लोकांनी स्वातंत्र्याच्या बाजूने मत दिलं. निकाल लागल्यावर इंडोनेशियाच्या पाठबळावरच्या टोळ्यांनी देश पेटवला. हजारावर माणसं मेली, बहुतेक सरकारी इमारती राख झाल्या. त्या राखेवर संयुक्त राष्ट्रांनी ऑक्टोबर 1999 मध्ये हंगामी प्रशासन बसवलं. प्रमुख होते ब्राझीलचे सर्जियो व्हिएरा दि मेलो. कायदा करणं, अंमल करणं, न्यायाधीश नेमणं, सगळे अधिकार या एका माणसाकडे.

विमानातून टाकलेली जाहिरात

दि मेलोंच्या लोकांपुढे पहिला प्रश्न होता, न्यायाधीश आणायचे कुठून? इंडोनेशियाच्या काळात वरच्या जागांवर तिमोरी माणसं जवळजवळ नव्हतीच. आणि ज्यांच्याकडे कायद्याची पदवी होती ते डोंगरात किंवा निर्वासितांच्या छावण्यांत. मग शांतिसेनेने विमानातून पत्रकं टाकली: कायदा शिकलेले तिमोरी असाल तर जवळच्या कचेरीत या. दोन महिन्यांत साठच्या वर माणसं जमली. 7 जानेवारी 2000 ला पहिले 8 न्यायाधीश आणि 2 सरकारी वकील नेमले गेले. यातल्या कुणीही आधी न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलेलं नव्हतं.

दुसरा प्रश्न कायद्याचा. संयुक्त राष्ट्रांच्या पहिल्याच नियमात लिहिलं गेलं की 25 ऑक्टोबर 1999 पूर्वी इथे जे कायदे लावले जात होते तेच पुढे लागू राहतील, फक्त मानवी हक्कांच्या आड येणारे सोडून. फाशी रद्द झाली. आता गंमत बघा, या वाक्यात 'इंडोनेशियाचे कायदे' असे शब्द मुद्दाम टाळले होते. तसं लिहिलं असतं तर इंडोनेशियाचा कब्जा कायदेशीर होता असा अर्थ निघाला असता. राजनैतिक दृष्टीने हुशार वाक्य. पण वाक्य संदिग्ध ठेवलं की त्याचं बिल कधीतरी येतंच.

ते बिल जुलै 2003 मध्ये आलं. 1999 च्या हिंसाचारातल्या खुनांच्या एका खटल्यात अपील न्यायालयाने सांगितलं की इंडोनेशियाचा कब्जा बेकायदा होता, म्हणून त्यांचा कायदा इथे वैध नव्हताच. लागू आहे तो पोर्तुगीज कायदा. झालं! चार वर्षं इंडोनेशियाच्या संहितेवर चाललेले खटले अधांतरी. खालच्या न्यायालयांनी हा निकाल पाळायला नकार दिला. शेवटी संसदेने 2003 संपायच्या आत कायदा क्रमांक 10 केला आणि स्पष्ट लिहिलं की 'आधी लागू असलेला कायदा' म्हणजे इंडोनेशियाचाच.

नवख्या संसदेने केलेलं हे मोठं काम होतं. देशात कोणता कायदा चालतो हे न्यायालयाने नाही, सल्लागारांनी नाही, निवडून आलेल्या लोकांनी ठरवलं.

गोव्यालाही हा प्रश्न पडला होता, बरं का. डिसेंबर 1961 मध्ये पोर्तुगीज गेले आणि 1962 मध्ये भारताच्या संसदेने कायदा करून ठरवलं की बदलेपर्यंत जुने कायदे चालू राहतील. म्हणून 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता तिथे टिकली, तिचे काही भाग आजही लागू आहेत. तिचं अधिकृत इंग्रजी भाषांतर गोवा सरकारने छापलं 2018 मध्ये. मुक्तीनंतर 57 वर्षांनी! तोवर आपल्याच घरच्या कायद्यात काय लिहिलंय हे बघायला पोर्तुगीज जाणणारा वकील नाहीतर नोटरी गाठावा लागायचा. तिमोरमध्ये अख्ख्या देशाचं तेच झालं.

संसद आहे, पण वाचणार कोण?

30 ऑगस्ट 2001 ला 88 जणांची संविधान सभा निवडली गेली. 55 जागा फ्रेतिलिनच्या. संविधान मार्च 2002 मध्ये मंजूर झालं आणि 20 मे 2002 ला, स्वातंत्र्याच्या दिवशी, हीच सभा देशाची पहिली संसद बनली. नवी निवडणूक नाही. काल जंगलात लढणारे, गुप्तपणे निरोप पोचवणारे, परदेशातून परतलेले, सगळे आज खासदार.

संविधानाच्या कलम 13 ने दोन राजभाषा ठरवल्या: तेतुम आणि पोर्तुगीज. तेतुम ही बाजारहाटाची, घरची भाषा. पोर्तुगीज ही प्रतिकाराच्या जुन्या नेत्यांची भाषा. इंडोनेशियापासून आपण वेगळे आहोत हे दाखवणारी खूण म्हणून तिला मान होता. त्यांचं म्हणणं समजून घ्या. ज्या भाषेवर कब्जेदाराने बंदी घातली, ती परत आणणं हाही लढ्याचा भाग होता. पण 1975 नंतर शाळेत गेलेली पिढी बहासात शिकलेली. तिला पोर्तुगीज येत नव्हती.

आता यात मदतीचा भाग मिसळा. संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम आणि मदत देणारे देश यांनी संसदेला आणि मंत्रालयांना कायदेतज्ज्ञ पुरवले, बरेचसे पोर्तुगाल आणि ब्राझीलमधून आलेले. ते मेहनती होते, अडचण त्यांच्या कामाच्या आखणीत होती. सल्लागाराचा करार वर्षा-दोन वर्षांचा. तेवढ्या वेळात दाखवता येईल असं काम म्हणजे तयार मसुदा. खासदाराला मसुदा वाचायला, प्रश्न विचारायला शिकवणं हे सावकाशीचं काम, आणि ते अहवालातही भरता येत नाही. मग मसुदा पोर्तुगीजमध्ये यायचा, चर्चा तेतुममध्ये व्हायची आणि दुभाषी मधल्या मधे घाम पुसायचा. ज्या कलमाला तेतुममध्ये शब्दच नाही, त्याच्यावर वाद कसा घालणार?

दंडसंहितेचं उदाहरण घ्या. 2009 मध्ये इंडोनेशियाची संहिता जाऊन देशाची स्वतःची आली. पण संसदेने आधी सरकारला अधिकार दिला आणि सरकारने ती वटहुकुमासारख्या मार्गाने लागू केली. कुठला गुन्हा आणि किती शिक्षा, याची कलमवार चर्चा सभागृहात झालीच नाही.

न्यायाधीशांचं काय झालं? जानेवारी 2005 मध्ये सगळ्या 22 तिमोरी न्यायाधीशांची परीक्षा घेतली गेली. सगळे नापास! 22 पैकी 22. त्यांना खटले सोडून अडीच वर्षांच्या पूर्णवेळ प्रशिक्षणाला बसवलं आणि खुर्च्यांवर परदेशी न्यायाधीश आले. परीक्षा होती पोर्तुगीज भाषेत. राखेतून कोर्ट उभं करणारी माणसं आता स्वतःच्याच देशात विद्यार्थी झाली होती.

जिथे जमलं, तिथे का जमलं?

सगळंच फसलं असं मात्र नाही हं. 2005 मध्ये संसदेने पेट्रोलियम निधीचा कायदा केला. समुद्रातल्या तेल-वायूचा सगळा पैसा एका निधीत जमा होईल आणि संसदेच्या मंजुरीशिवाय त्यातून रुपया, म्हणजे तिथे डॉलर, काढता येणार नाही. नमुना नॉर्वेचा, पण कायदा करण्याआधी लोकांसमोर चर्चा झाली होती. आज देशाचं अंदाजपत्रक मोठ्या प्रमाणात त्याच निधीवर चालतं.

दुसरं उदाहरण 2010 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा. तिमोरच्या गावांत भांडण मिटवायची जुनी रीत आहे, 'नाहे बिती', म्हणजे चटई अंथरणं. दोन्ही बाजू चटईवर बसतात आणि वडीलधारे तोडगा काढतात. जमिनीच्या बांधावरून भांडण असेल तर उत्तम. पण नवऱ्याने बायकोला मारलं तर बहुतेकदा पुरुषच चटईवर बसायचे, एखादं जनावर द्यायचं ठरायचं आणि बाई परत त्याच घरात जायची. कायद्याने हा गुन्हा सार्वजनिक ठरवला. म्हणजे तिने तक्रार केली नाही, मागे घेतली, तरी खटला चालणार. मसुद्यावर वर्षानुवर्षं महिला संघटनांनी काम केलं होतं. शिवाय सभागृहात बायकांची संख्याही कमी नव्हती: पहिल्या 88 मध्येच 24 होत्या, आणि पुढे उमेदवारांच्या यादीत दर 3 नावांमागे एक तरी स्त्री हवी असा नियम आला.

तिसरं उदाहरण जमिनीचं. कुणाकडे पोर्तुगीज काळाचा कागद, कुणाकडे इंडोनेशियाच्या काळाचा, आणि बहुतेकांकडे फक्त आजोबांनी लावलेलं झाड. 2012 मध्ये संसदेने जमिनीचे कायदे मंजूर केले, पण राष्ट्राध्यक्ष जुझे रामोस-होर्ता यांनी नकाराधिकार वापरून ते परत पाठवले. गरिबांना आणि गावच्या सामाईक जमिनीला पुरेसं संरक्षण नाही, असा त्यांचा आक्षेप होता. नवा कायदा व्हायला 2017 उजाडलं. उशीर झाला खरा, पण मंजूर झालेला कायदा कुणीतरी वाचून, हरकत घेऊन परत पाठवला, हीही क्षमताच आहे.

मग रुसवा, मग राग

ऑक्टोबर 2014 मध्ये उलटा धक्का बसला. तेल कंपन्यांविरुद्धच्या कराच्या खटल्यांत सरकार हरत होतं. संसदेने ठराव केला, सरकारने परदेशी न्यायाधीश आणि सरकारी वकिलांचे करार तोडले आणि 48 तासांत देश सोडा असा हुकूम काढला. काहींना वाटलं, चला, आता न्याय आपल्या हातात. पण निकाल आवडला नाही म्हणून न्यायाधीश घालवणं हा धडा कुठल्याच लोकशाहीला परवडत नाही. उद्या तिमोरी न्यायाधीशाचा निकाल आवडला नाही तर?

आणि सप्टेंबर 2025. 65 खासदारांसाठी 65 नव्या मोठ्या गाड्या घ्यायचं ठरलं, खर्च सुमारे 40 लाख डॉलर. दिलीत विद्यापीठातली मुलं रस्त्यावर आली, अश्रुधूर झाला. संसदेला गाड्यांचा बेत सोडावा लागला आणि खासदारांचं आयुष्यभराचं निवृत्तिवेतनही रद्द करावं लागलं. ते निवृत्तिवेतन संसदेनेच कायदा करून स्वतःला दिलं होतं.

ही मुलं स्वातंत्र्यानंतर वाढलेली. अंदाजपत्रकात कुठल्या ओळीत काय लिहिलंय ते त्यांनी शोधलं, फोनवर फिरवलं, आणि त्यावर तेतुममध्ये घोषणा दिल्या. पंचवीस वर्षांत तिथे कितीतरी सल्लागार येऊन गेले, त्यांनी पुष्कळ चांगले मसुदे लिहिले. पण पैसा कुठे जातोय हे आपल्या भाषेत विचारणारे लोक मसुद्याबरोबर येत नाहीत. ते तिथेच वाढावे लागतात.

तर मंडळी, एक काम करा. तुमच्या आमदारांनी मागच्या अधिवेशनात विधानसभेत कोणते प्रश्न विचारले ते शोधून बघा. सापडलं तर काय सापडलं ते, आणि नाही सापडलं तर कुठे अडलात ते, आम्हाला खाली लिहून कळवा. तुमच्या उत्तरांवर पुढच्या भागाच्या सुरुवातीला बोलू. तोवर ऐकत राहा!