गॅरेजच्या जमिनीवरचा लेप

मोटारगाडीच्या आधीचे युरोप-अमेरिकेतील गाडीखाने दगड, विटा किंवा चोपलेल्या मातीचे असत. मोटारीबरोबर तिथे काँक्रीट आले. ज्या पोर्टलंड सिमेंटवर ते उभे होते, त्याचे पेटंट जोसेफ ॲस्पडिन यांनी 1824 मध्ये इंग्लंडमध्ये घेतले होते. काँक्रीट वजन पेलते, पण त्याची वरची कातडी नाजूक. ओले असताना घोटले की पाणी वर येते आणि सुकल्यावर एक भुसभुशीत थर उरतो. चाकांखाली त्याची धूळ होते आणि गळलेले ऑइल छिद्रांतून आत मुरते.

पहिला उपाय म्हणजे जवसाच्या तेलातला रंग. सिमेंटमधल्या अल्कलीने त्या तेलाचा अक्षरशः साबण होई आणि रंगाचे पापुद्रे निघत. रंग वाईट नव्हता. जोडी विजोड होती.

अल्कलीला दाद न देणारे इपॉक्सी रेझिन आले ते मात्र दातांच्या कवळ्यांच्या शोधातून. स्वित्झर्लंडमधील पिएर कास्टान यांनी 1930 च्या दशकात ते दंतकामासाठी तयार केले. तो धंदा काही जमला नाही आणि हक्क बासलच्या सिबा कंपनीकडे गेले. 1946 मध्ये सिबाने ‘अरल्डाइट’ हा गोंद बाजारात आणला; तो पुढे आपल्याकडेही घरोघरी पोचला. अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली यांनी याच रसायनावर स्वतंत्रपणे काम केले. इपॉक्सीचे लेप आधी कारखान्यांत स्थिरावले, घरच्या गॅरेजपर्यंत नंतर आले.

या प्रवासात एक गोष्ट मागे पडली. फ्रीडरिश मोह्स यांच्या 1812 च्या काठिण्यश्रेणीत वाळूतल्या क्वार्ट्झचा क्रमांक 7 आहे. टायरला चिकटून आलेली वाळू कोणत्याही रेझिनवर ओरखडे काढतेच. म्हणून कारखान्यांच्या लेपात क्वार्ट्झची वाळू किंवा त्याहून कठीण ॲल्युमिनियम ऑक्साइड मिसळत. घर्षणाचा मार ते कण झेलत. घरमालकांना हवी होती आरशासारखी चकाकी, आणि गडद चकचकीत पृष्ठभागावर बारीकसा ओरखडाही उठून दिसतो. कारखान्यातला लेप काही मिलिमीटर जाड असे, तर घरी ब्रशने फासायच्या डब्यातला कागदाइतका पातळ. तापलेल्या टायरखाली तो मऊ पडून चाकाबरोबर उचलला जाई. उन्हात इपॉक्सी पिवळेही पडते.

त्यावर पॉलियुरेथेनचा वरचा थर आला. या रसायनाची सुरुवात ओटो बायर यांनी 1937 मध्ये जर्मनीत केली होती. 1990 च्या दशकात आलेले पॉलिअस्पार्टिक काही तासांत सुकते, उन्हात टिकते आणि ओरखडेही तुलनेने कमी घेते.

तरीही जुन्या भुसभुशीत थराचा प्रश्न कोणत्याही रेझिनने सुटला नाही. तो हिऱ्याच्या चाकाने घासून किंवा पोलादी छर्ऱ्यांचा मारा करून काढावाच लागतो. उखडलेल्या पापुद्र्याच्या पाठीला सिमेंटची भुकटी चिकटलेली दिसली, तर तो थर काढलाच गेला नव्हता, असे समजावे.